टीम सोडतोयस? थांब जरा

अरे, तुझा रात्रीचा मेसेज आत्ता वाचला. बेसबॉलमध्ये तुला लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानात लांब डावीकडे, उभं केलंय पण जो तो आधीच्या पोराचंच नाव घेतो, म्हणून टीम बदलायची, असंच ना?

मग कार्ल यास्त्रेम्स्कीचं ऐक, बॉस्टनवाले त्याला यॅझ म्हणतात. लाँग आयलंडच्या बटाट्याच्या शेतावरचं पोर, आणि 1961 ला बॉस्टनच्या रेड सॉक्स टीमने त्याला उभं केलं कुठे तर टेड विल्यम्ससारख्या दिग्गज बॅटरच्या जागी, जो आदल्याच वर्षी रिटायर झालेला! पहिल्या सीझनला बॅटिंग ॲव्हरेज .266 (हजारात 266 हिट), म्हणजे लोक काय बोलले असतील तूच विचार कर.

तरी गडी 23 सीझन तिथेच, 3308 मॅचेस. पण नुसता चिकटून नाही बसला हं, त्याने ती भिंत शिकून घेतली. रेड सॉक्सच्या फेनवे पार्क ग्राउंडला लेफ्ट फील्डच्या मागे ग्रीन मॉन्स्टर नावाची भिंत आहे ना, 37 फुटी, तिच्यावर बॉल आदळणार हे याला आधीच कळायचं तरी हा निवांत उभा, जणू काही सोपा कॅच येतोय, मग पळणारा बिचारा बेसजवळ थबकायचा आणि हा गर्रकन वळून भिंतीवरून आलेला बॉल उचलून थेट सेकंड बेसला फेकायचा. ही कला बॅगेत भरून दुसऱ्या ग्राउंडवर नेता येत नाही बाबा.

1967 चं तर काय सांगू, आदल्या वर्षी लीगच्या 10 टीममध्ये नववे होते, आणि हा .326, 44 होम रन (बॉल थेट कुंपणाबाहेर), ट्रिपल क्राउन, म्हणजे ॲव्हरेज, होम रन आणि मिळवून दिलेल्या रन तिन्हीत लीगमध्ये अव्वल, टीम वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला!

हरले पण. 1975 लाही हरले. 1978 ला न्यूयॉर्कच्या यँकीजशी बरोबरी झाली म्हणून एकाच मॅचवर निकाल होता, त्यात यॅझनेच होम रन मारला आणि शेवटी 5-4 ने मागे असताना, थर्ड बेसवर रनर असताना, शेवटचा आउटही तोच, साधा उंच उडालेला बॉल. वर्ल्ड सिरीज त्याला कधीच मिळाली नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही. 1983 ला निघाला तेव्हा मात्र ग्राउंडभर पळत लोकांच्या हाताला हात लावत गेला.

तू शनिवारी सकाळी ये. आपल्याकडे मॉन्स्टर नाही, जाळीचं कुंपण आहे, मी बॉल मारतो, कुठून कसा उडतो ते बघ. कोचला तोवर काही बोलू नकोस.