वाचकांचे प्रश्न : वजन जास्त, जंतू चिवट; मग डोस कसा ठरतो?

प्रश्न : माझ्या वडिलांचं वजन 118 किलो, उंची 168 सेंटिमीटर. मांडीवरचं गळू फोडून पू तपासला, त्यात एमआरएसए (नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू) निघाला आणि तो रक्तातही सापडला. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा पहिला डोस अडीच ग्रॅम दिला, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला मात्र सव्वाच. डोस चुकून दुप्पट गेला का? मूत्रपिंडाला धोका आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, ही चूक दिसत नाही, हिशोब करून दिलेला डोस दिसतो. जाड व्यक्तीत व्हॅन्कोमायसिनचा पहिला डोस प्रत्यक्ष वजनावर ठरतो : किलोमागे 20 ते 25 मिलिग्रॅम, आणि कमाल 3 ग्रॅम. 118 किलोला तो 2360 ते 2950 मिलिग्रॅम येतो. शेजारचा पेशंट साठ किलोच्या आसपासचा असेल, तर त्याचे सव्वा ग्रॅमही त्याच हिशोबाने बरोबर आहेत.

पहिला डोस म्हणजे रिकामा हौद भरणं. शरीर मोठं तसा हौद मोठा, तिथे कंजुषी केली तर पहिले एक-दोन दिवस औषध कमी पडतं आणि नेमक्या त्याच दिवसांत जंतू डोकं वर काढतात. पुढचे डोस म्हणजे हौदातून गळणारं पाणी भरून काढणं. ही गळती मूत्रपिंडं ठरवतात, आणि ती वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून दुसऱ्या डोसापासून आंधळेपणाने किलोला गुणत गेलं, तर तुम्हाला वाटणारी भीती खरी ठरू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे : रक्तातली पातळी कधी तपासणार? पूर्वी फक्त पुढच्या डोसाआधीची पातळी 15 ते 20 ठेवायची पद्धत होती. 2020 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी गंभीर एमआरएसएसाठी ती बाजूला ठेवली. आता दोन नमुने घेतात, एक ड्रिप संपल्यावर तासा-दोन तासांनी आणि दुसरा पुढच्या डोसाआधी. त्यावरून चोवीस तासांचा एयूसी, म्हणजे दिवसभरात रक्तात एकूण किती औषध किती वेळ राहिलं याचा आकडा, काढतात. तो 400 ते 600 च्या मध्ये हवा. जाड पेशंटमध्ये हे पहिल्या दिवशीच सुरू झालेलं बरं, अंदाज इथे सर्वांत जास्त फसतो.

ड्रिप तासाला 1 ग्रॅमपेक्षा वेगाने जाऊ नये, म्हणजे अडीच ग्रॅमला किमान अडीच तास. मध्येच चेहरा-मान लाल होऊन खाज सुटली तर लगेच सिस्टरना सांगा. बहुतेक वेळा वेग कमी केला की ते शमतं. दम लागला किंवा घसा-ओठ सुजले, तर मात्र ती वेगळी आणि तातडीची गोष्ट आहे. मांडी दुखते म्हणून घरून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन देऊ नका, व्हॅन्कोमायसिनसोबत मूत्रपिंडावर त्यांचाही भार पडतो. लघवी किती होते ते लिहून ठेवा. आणि गळूत पू उरला असेल तर कोणताही डोस पुरा पडणार नाही, तो पूर्ण निघाला आहे ना, हे विचारा.

प्रत्येक औषधाला मात्र हेच गणित लावू नका. वडिलांना लघवीतल्या जंतूंसाठी अमिकासिन द्यावं लागलं असतं, तर पूर्ण वजन धरणं चूक ठरलं असतं, कारण हे औषध चरबीत फारसं शिरत नाही. तिथे आधी उंचीवरून आदर्श वजन काढतात : पुरुषाला पाच फुटांपर्यंत 50 किलो, स्त्रीला 45.5, आणि वरच्या प्रत्येक इंचाला 2.3 किलो. 168 सेंटिमीटरच्या पुरुषाला ते साधारण 64 किलो. जादा वजन 54 किलो, त्याचे चाळीस टक्के म्हणजे 22, ते मिळवून 86 किलो. किलोला 15 मिलिग्रॅम धरले तर 1290 मिलिग्रॅम. पूर्ण वजनावर हेच 1770 झाले असते आणि कान-मूत्रपिंड दोन्ही धोक्यात आली असती. नुसत्या आदर्श वजनावर 960, म्हणजे कमी. याउलट लिनेझोलिडची नेहमीची मात्रा 600 मिलिग्रॅम दर बारा तासांनी, वजन काहीही असो. आणि कोलिस्टिनचा पहिला डोस 90 लाख युनिटांवर थांबतो.

या सगळ्याचा पाया म्हणजे खरं वजन. कारखान्याच्या गेटवर उसाची गाडी डोळ्याने मोजत नाहीत, काट्यावर चढवतात. पेशंटच्या कागदावर 'अंदाजे 100' लिहिलेलं दिसलं, तर उभं करून किंवा खाटेच्या काट्यावर वजन घ्यायला सांगा. उंचीही लिहून घ्या.

प्रश्न : आईच्या लघवीत ई. कोलाय आला. मेरोपेनेमसमोर एमआयसी 0.25, नायट्रोफ्युरँटोइनसमोर 16, दोन्हींपुढे एस. ज्याचा आकडा लहान ते जास्त चांगलं ना?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. एमआयसी म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारी औषधाची किमान पातळी. दोन औषधांचे हे आकडे एकमेकांशी जुळवायचे नसतात. प्रत्येक औषधाची स्वतःची मर्यादा असते, म्हणून एस-आय-आर वाचायचं (एस म्हणजे औषध लागू पडेल, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे जंतू प्रतिकारक). ताप नसेल, पाठीत दुखत नसेल, मूत्रपिंडं ठीक असतील आणि फक्त मूत्राशयात जळजळ असेल, तर नायट्रोफ्युरँटोइन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, एवढं बहुतेकदा पुरतं. ते लघवीतच साठतं. ताप-थंडी असेल तर ते कामाचं नाही, कारण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत ते पुरेसं पोहोचत नाही. लक्षणं काहीच नसतील, तर वयस्क व्यक्तीच्या लघवीत जंतू दिसले म्हणून औषध देऊच नये. आईचं वजन जास्त आहे, साखर आहे, एवढं कारण पुरेसं नाही.

उलट गंभीर आजारात हलक्या औषधावर भागवणंही महागात पडतं. सेफ्ट्रायॅक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय किंवा क्लेबसिएला रक्तात गेले असताना पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम विरुद्ध मेरोपेनेम अशी मेरिनो चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तीस दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात 12.3 टक्के, दुसऱ्यात 3.7. रिपोर्टवर दोन्हींपुढे एस असतानाही! ही औषधं जाड पेशंटला तीन-चार तासांच्या लांब ड्रिपने देतात, कारण पातळी किती उंच गेली यापेक्षा ती किती वेळ टिकली यावर जंतू मरतात.

प्रश्न : माझं वजन 124 किलो, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आहे. जखम चिघळू नये म्हणून काय विचारू?
— एक वाचक, कागल

उत्तर : ऑपरेशनआधीचं अँटिबायोटिक सेफाझोलिन 120 किलो आणि वर 3 ग्रॅम देतात, नेहमीचे 2 नव्हे. ते चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. ऑपरेशन चार तासांपेक्षा लांबलं तर पुन्हा. शिवलेल्या जखमेवर पुढे दहा दिवस गोळ्या घेण्याने काही मिळत नाही, प्रतिकारक जंतू तेवढे निवडले जातात. साखर 180 च्या खाली ठेवा. साखरेसाठी एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन घेत असाल तर ते किती दिवस आधी थांबवायचं, हे भूलतज्ज्ञांना आवर्जून विचारा. साधारण तीन दिवस आधी थांबवतात. पोटाच्या वळीत ओल राहू देऊ नका : रोज धुऊन टिपून कोरडं करा, मध्ये सुती कापडाची घडी ठेवा. वळीत खाज आली म्हणून मेडिकलमधलं स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावू नका, त्याने बुरशी आणि जंतू दोघांनाही मोकळं रान मिळतं. जखमेतून पू आलाच, तर कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) वरचा चिकटा नको. आधी सलाइनने धुऊन आतला पू किंवा ऊतीचा तुकडा घ्यायला सांगा, आणि नमुना गेल्यावरच नवं अँटिबायोटिक सुरू करा, ताप-रक्तदाबामुळे थांबणं धोक्याचं नसेल तर.