आंबा बंद, रस चालू?

प्रश्न : वजन उतरावं म्हणून सुनेने माझे केळी-आंबे बंद केलेत. सकाळी मोसंबीचा रस मात्र ग्लासभर देते. हे बरोबर का? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, उलट करा. त्या ग्लासात तीन-चार मोसंबी जातात. सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच हात थांबेल. चोथा गाळणीत, साखर पोटात! अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या २००९ च्या प्रयोगात जेवणाआधी सफरचंद खाल्लेल्यांचे, सफरचंद धरूनही, सुमारे १५ टक्के उष्मांक कमी गेले. रसाने तेवढं साधलं नाही. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६० कॅलरी. फोडी खुशाल खा. आमरसावर तूप नि सोबत पुऱ्यांची चळत असेल, तर मात्र सूनबाईंची बाजू घेईन. मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.