रेसिपीचे व्हिडिओ आणि गच्चीवरची हळद: पाच हजारांत कोणते लाइट घ्यावेत?

तुम्ही ओट्यावर रेसिपीचे व्हिडिओ करता, पुढच्या महिन्यात बहिणीची हळद गच्चीवर आहे, शूटिंग मोबाइलवरच, आणि लाइटसाठी पाच हजार बाजूला काढलेत. मी बारा वर्षं लग्नं-मुंजी शूट करतोय. माझं ऐकाल तर पैसे आत्ताच खर्चू नका. आधी स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करून बघा.

बहुतेक घरांत ओट्यापाशी उभं राहिलं की ट्यूब आपल्या पाठीशी येते आणि कढईवर आपलीच सावली पडते. ती बंद करा, खिडकी पूर्ण उघडा. ओट्याच्या समोरच खिडकी असेल तर फारच छान, कारण वाफ मागून उजेड आला तरच दिसते. भाताचं झाकण उचललं तेव्हा समोरून लाइट मारलेला असला तर वाफ जवळपास गायब होते. तोच उजेड पलीकडून आला आणि मागे गडद काहीतरी असलं, की एकेक वळसा दिसतो. फोडणीतल्या तेलाची चमकही तशीच. आता पातेल्याची अलीकडची बाजू काळी पडेल. तिथे फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल किंवा साधा कार्डशीट कॅमेऱ्यात येणार नाही असा अगदी कडेला उभा करा. खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत येतो. ऊन थेट आत येत असेल तर काचेला बटर पेपर चिकटवा.

रात्री शूट करायचं असेल तर पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका. बल्ब साधारण ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), ट्यूब ६५०० ची. मोबाइल दोन्ही सांभाळू शकत नाही आणि वरणाचा रंग विचित्र येतो.

आता हळद. इथे मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या एका कामात गच्चीवर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव होता. वरून कडक ऊन त्या कापडातून गाळून येत होतं आणि नवरीचा चेहरा, पांढरी साडी, सगळं लालसर झालं. एडिटिंगला बसलो तेव्हा लाल कमी करावा तर हळद फिकी पडत होती. त्या मुलीच्या आईचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून मांडववाल्याला आजच सांगा, वरचं कापड पांढरंच हवं. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) सिनेमाच्या वेळी कॅमेरामन सुब्रत मित्रांनी स्टुडिओत काशीच्या घराचं अंगण उभं केलं, तेव्हा पांढऱ्या कापडावरून लाइट परतवून आकाशासारखा मऊ उजेड आणला होता. तुमच्याकडे तर खरं आकाश आहे, फक्त ऊन मऊ करायचंय. पाट असा मांडा की सूर्य बहिणीच्या पाठीशी आणि मोकळी बाजू तिच्या तोंडासमोर येईल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे मोबाइलची रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. इतकं पिवळं बघून मोबाइल ते कमी करायला जातो आणि चेहरे निळसर पडतात. उन्हाच्या सेटिंगवर लॉक करा. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की एक्स्पोजरही (चित्र किती उजळ हवं ते) लॉक होतं.

संध्याकाळी दिव्यांच्या माळा लावणार असाल तर मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने करता येतात) शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि चुकीच्या शटरला व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. तरीही एखादी स्वस्त माळ पट्टे दाखवतेच. ती फ्रेममधून काढून टाका.

एवढं करूनही घ्यायचाच असेल तर उजेड पिवळसर ते पांढरा बदलता येणारा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९५ च्या पुढचा एकच एलईडी पॅनल आणि मजबूत स्टँड घ्या. रिंग लाइट नको, कढईच्या प्रत्येक थेंबात ती गोल चकती दिसते. पॅनल जवळ ठेवा: एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर उजेड चौथा हिस्साच उरतो.

हळद किती वाजता आहे आणि गच्चीवर टाकी किंवा जिना कुठल्या बाजूला आहे ते कळवा, पाट कुठे मांडायचा ते सांगतो.