अमेरिकेत इंजिनिअरिंगला ‘अनडिक्लेअर्ड’ प्रवेश मिळालाय, वर्षभरानंतर कॉम्प्युटर मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलाची बारावी नागपूरलाच झाली, तिकडच्या एका सरकारी विद्यापीठाचं पत्र आलंय, पत्रात शाखा नाही, म्हणजे ‘अनडिक्लेअर्ड’, आणि कन्सल्टंट सांगतोय की पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखंच, मग कॉम्प्युटर घेऊन टाका. परदेशी विद्यार्थी म्हणून मुलाला काही अडचण येईल का, असा तुमचा प्रश्न. हेच वाक्य मी २०१५ मध्ये धरमपेठेतल्या एका ऑफिसात बाबांच्या शेजारी बसून ऐकलंय, म्हणून लिहितोय.

‘घेऊन टाका’ असं तिथे काही नसतं. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळणं वेगळं आणि कॉम्प्युटरला मिळणं वेगळं. टेक्सास ए अँड एममध्ये पहिल्या वर्षाअखेर जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, ३.७५ असेल तर पहिली पसंती आपोआप मिळते, नाहीतर अर्ज तपासणीत जातो. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला कॉम्प्युटर सायन्स हवं तर अर्जातच मागावं लागतं. पर्ड्यूत तर कॉम्प्युटर सायन्स इंजिनिअरिंग कॉलेजात नाहीच, ते सायन्स कॉलेजात आहे. तुम्ही विद्यापीठाचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे ‘मिळेल का’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. गेल्या गेल्या कोणत्या पायरीपासून गणित घ्यायचं ते ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा झाली आणि मला थेट तिसरी पायरी, कॅल्क्युलस ३, मिळालं. मी मामांना फोन केला. आमच्या घरात शिक्षणाचे निर्णय मामाच घेतात. मी म्हटलं, कॅल्क्युलस १ पासूनच घेतो, नवीन जागा आहे. ते म्हणाले, “अरे बाप्पा, बारावीचं गणित पुन्हा कायले शिकून राहिला? तिथल्या पोरांना पाढे येत नाहीत.” मी ऐकलं.

आपल्याकडे बोर्ड आणि सीईटीची तयारी म्हणजे सरावाची गणितं. तिथे दर आठवड्याला गृहपाठ, त्याला मार्क, दर चार आठवड्यांनी परीक्षा, आणि सगळ्याची बेरीज शेवटच्या ग्रेडमध्ये. डबल आणि ट्रिपल इंटिग्रल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पहिल्या परीक्षेत शंभरात ४१. माझ्या अमेरिकन रूममेटलाही तेवढेच पडले होते. त्याने मुदतीच्या आत कोर्स सोडला, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडला) आला, जीपीएला धक्का नाही. मीही सोडायला निघालो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सांगितलं, तुझे या सत्रातल्या कोर्सचे मिळून १५ क्रेडिट आहेत, ४ गेले की ११ राहतात, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर १२ च्या खाली परवानगीशिवाय जाता येत नाही आणि गणित अवघड जातंय एवढ्यावर ती मिळणार नाही. त्या दिवशी मी खोलीवर न जाता लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून राहिलो.

शेवटी सी आला. चार क्रेडिटच्या त्या एका सीमुळे ३.८ व्हायचे ते ३.२७ झाले. पुढच्या सत्रात १६ पैकी १६ क्रेडिटना ए मिळवला, तरी वर्षाचा जीपीए ३.६५. कॉम्प्युटरला ३.७ लागत होते. मला इलेक्ट्रिकल मिळालं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर असं, की शाखेच्या स्पर्धेत आमच्या विद्यापीठात पासपोर्ट बघितला नाही, जीपीएच बघितला. अडचण व्हिसाच्या नियमातून येते, कारण इतरांना चुकलेला कोर्स सोडता येतो, आपल्या मुलांना तितक्या सहज येत नाही. म्हणून पहिल्या सत्रात १६ किंवा १७ क्रेडिट घ्यायला सांगा, म्हणजे एक सोडून १२ उरतात. पुष्कळ ठिकाणी १२ ते १८ पर्यंत फी तीच असते, आधी बघून घ्या. अर्ध्या सत्रानंतर सुरू होणारे छोटे कोर्सही असतात, त्यातला एक घेऊन मी १२ पूर्ण करू शकलो असतो. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मात्र ऑनलाइन असेल तर असा एकच कोर्स, तोही ३ क्रेडिटपर्यंतच, त्या १२ क्रेडिटमध्ये धरतात. आणि गणित खालच्या पायरीपासून घेऊ द्या. येत असलेल्या विषयात ए मिळवण्यात काहीही कमीपणा नाही.

मामा आजही लग्नाकार्यात सांगतात, “पोराला कॉम्प्युटर झेपलं नाही.” झेपलं नाही हे खोटं आहे. प्रोग्रामिंगमध्ये मला ए होता. इलेक्ट्रिकलही स्टेममध्येच, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या गटातच आहे, मला ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचे, १२ अधिक २४ असे पूर्ण ३६ महिने मिळाले, आणि आज मी वीज सबस्टेशनच्या प्रोटेक्शन रिलेवर, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणाऱ्या उपकरणांवर, काम करतो. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी बघत वाढलेल्या मुलाला हे काम मनापासून आवडतं. पण मी ते निवडलं नव्हतं, आणि कॅल्क्युलस १ घेतो म्हणणारा मी बरोबर होतो, एवढं मामांनी एकदा मान्य करावं असं मला अजून वाटतं.

सगळीकडे असंच असेल असं नाही, काही विद्यापीठांत शाखा बदलणं सोपं आहे. तुम्ही कन्सल्टंटला विचारू नका, विद्यापीठाच्या अॅडव्हायजरला मुलाकडून मेल पाठवा. गेल्या वर्षी अनडिक्लेअर्डमधून किती जणांनी कॉम्प्युटर मागितलं, किती जणांना मिळालं, कोणते कोर्स आणि किती जीपीए लागला, हे लेखी घ्या. आणि त्याला पहिल्या सत्रात कोणतं गणित देतायत ते कळलं की इथे लिहा, मी नक्की वाचेन.