गुरुवारी संध्याकाळी सही करू नका

प्रश्न : मी ४८ वर्षांची, सिंहगड रोडला पोळी-भाजी केंद्र चालवते. येत्या गुरुवारी बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. खर्च ९० हजार सांगितलाय. माझा मेडिक्लेम आहे, पण रात्रभर राहायचं नसल्याने काही मिळणार नाही, असं एजंट म्हणतात. डॉक्टरांना विचारलं, कागदावर एक रात्र दाखवता का, तर ते नाही म्हणाले. २ लाखांची एफडी आहे, ७ टक्के, पाच महिने बाकी. ती मोडू की हॉस्पिटलमधून बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते घेऊ? त्याला फक्त ३,५०० फी आहे. एजंट म्हणतात, एफडी मोडाच आणि उरलेल्यातले १ लाख गॅरंटीड प्लॅनमध्ये घाला. दहा वर्षं १-१ लाख भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख. गुरुवारी संध्याकाळी मी घरीच सापडेन म्हणून ते तेव्हाच फॉर्म घेऊन येणार आहेत. दोन-तीन दिवसांत केंद्र सुरू करायचा विचार आहे. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, वय ५४, पगार ४६ हजार. पॉलिसीचा आणि त्यांच्या पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवते आहे.

उत्तर : ताई, विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते दोन ओळींचं आहे. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर बँकेकडून उचल घ्या. बँक एफडीपेक्षा एक-दीड टक्का जास्त व्याज लावेल, एफडीचं व्याज मात्र चालू राहील. ९० हजारांवर पाच महिन्यांचा निव्वळ भुर्दंड फार तर सहाशेच्या आसपास. मोडलीत तर दंड आणि कमी झालेला दर धरून यापेक्षा जास्त जातील. ‘बिनव्याजी’ हप्त्यात व्याज ३,५०० आहे, फक्त त्याला फी म्हणतात.

पण बहुधा यातलं काहीच करावं लागणार नाही. स्लिपच्या फोटोत भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर यांच्या खाली बारीक अक्षरात ‘जीएमसी : ६२०’ अशी ओळ आहे. जीएमसी म्हणजे ग्रुप मेडिक्लेम. ४६ हजार पगारावर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू होत नाही, त्याची मर्यादा २१ हजारांची. तेव्हा हे पैसे कंपनीच्या आरोग्य विम्याचेच आहेत, आणि पगारातून कापले जात असतील तर बायको-मुलांचं नाव त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. अशा ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. मिस्टरांनी सोमवारी एचआरकडे जाऊन चार गोष्टी विचारायच्या : पत्नीचं नाव आहे का, रक्कम किती, हर्नियावर वेगळी मर्यादा आहे का, आणि ई-कार्ड कुठे मिळेल.

नाव असेल तर हॉस्पिटलमध्ये विम्याची कामं पाहणाऱ्या टीपीए डेस्कवर मंगळवारपर्यंत कॅशलेसचा अर्ज गेला पाहिजे. आधार, ई-कार्ड, सोनोग्राफीचा रिपोर्ट, डॉक्टरांचा सल्ल्याचा कागद. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीला कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो. अर्धवट कागद दिलेत तर प्रश्नोत्तरांत दोन दिवस जातात, तो भाग वेगळा. गुरुवारपर्यंत जमलं नाही तर डॉक्टरांना विचारा, आठवडा पुढे ढकललं तर चालेल का. ठरवून करायच्या हर्नियात बऱ्याचदा चालतं. गाठ कडक होऊन दुखायला लागली किंवा उलट्या झाल्या तर मात्र एचआर, मी, एफडी सगळं विसरून थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता ‘रात्रभर राहिलं नाही तर मिळत नाही’ याबद्दल. खऱ्या मेडिक्लेमला हे लागू नाही. पूर्वी ज्याला २४ तासांहून जास्त राहावं लागायचं आणि आता तंत्रज्ञानामुळे त्याआधीच घरी जाता येतं, अशी भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया डे-केअरमध्ये येते आणि तिचे पैसे मिळतात. फक्त डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची वेळ लिहून घ्या, आणि बिलावर चुकून ‘ओपीडी’ पडलेलं नाही हे तिथेच काउंटरवर वाचा. त्या एका शब्दावर क्लेम अडकलेले पाहिलेत. डॉक्टरांनी खोटी रात्र लिहिली नाही हे बरं केलं. ती लिहिली असती तर खोट्या कागदापायी खरा क्लेमही गेला असता.

मग एजंट खोटं बोलले का? नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. पॉलिसीचा फोटो मोठा करून पाहिला. तो मेडिक्लेम नाहीच. ती हॉस्पिटल कॅश पॉलिसी आहे : २४ तास पूर्ण भरती राहिलात तर दिवसाला २,००० रुपये, बिल ९० हजार असो की ९ लाख. हप्ता ७,८००, वर्षं सहा. म्हणजे ४७ हजार भरून तुमच्याकडे या ऑपरेशनसाठी शून्य आहे. खोट्या रात्रीनेही फार तर २,००० आले असते. सहा वर्षं तुम्ही त्याला मेडिक्लेम म्हणत आलात आणि एजंटांनी ते म्हणू दिलं. गंमत पाहा, मिस्टरांच्या ६२० चे वर्षाला साडेसात हजार होतात. दोन्हीकडे रक्कम जवळजवळ सारखीच. एकाच्या हप्त्याची तारीख तुम्हाला पाठ आहे, दुसरी पॉलिसी घरात कुणी उघडलेली नाही.

तेच एजंट आता २० लाख घेऊन येत आहेत. दहा वर्षांत दहा लाख भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट. पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. सातची एफडी मोडून साडेचारची गॅरंटी! शिवाय मिस्टर ५८ ला निवृत्त होणार असतील तर दहापैकी सहा हप्ते पगार थांबल्यावर भरायचे आहेत. आणि फॉर्मवर ‘शस्त्रक्रिया झाली आहे किंवा सुचवली आहे का’ असा प्रश्न असतो. त्यापुढे ‘नाही’वर टिक कोण करतं, तेवढं बघा.

त्यात वेळ गुरुवार संध्याकाळची. भूल दिल्यावर हॉस्पिटल जो सूचनांचा कागद देतं त्यावर लिहिलेलं असतं : २४ तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नका. लोकांना ते शोभेचं वाक्य वाटतं. माझ्या हर्नियाच्या दिवशी संध्याकाळी मी एकाच माणसाला तीनदा फोन करून तीच गोष्ट सांगितली. बायकोने मोबाइल काढून घेतला. मला त्यातलं काही आठवत नाही. सही झालीच तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पण तिथवर जाऊच नका.

खर्चाच्या अंदाजात तुम्ही स्वतःला धरलेलंच नाही. दोन-तीन दिवसांत केंद्र? चालाल, जेवाल, गल्ल्यावरही बसाल. पण चार ते सहा आठवडे वजन उचलायचं नाही असं बहुतेक सर्जन सांगतात, आणि तुमच्याकडे भिजवलेल्या कणकेची परात आहे, भरलेला व्यावसायिक सिलेंडर आहे, ज्यात नुसता गॅसच १९ किलो असतो. उचलायला आणि लाटायला एक बाई सहा आठवडे ठेवा. आठवड्याचे सहा दिवस, रोजचे ५०० धरले तर १८ हजार. क्लेम मंजूर झाला तरी हातमोजे वगैरेंचे चार-सहा हजार तुमच्याच खिशातून जातील. म्हणजे २५ हजार बाजूला हवेत. हर्निया परत होऊन दुसरं ऑपरेशन करण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

आणखी एक, पहाटे कणीक भिजवताना सवयीने चहा घेता ना? ऑपरेशनच्या दिवशी तो नको. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ पाळा, नाहीतर ऑपरेशन पुढे जाईल आणि त्या बाईची मजुरी फुकट.

कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो. म्हणून बऱ्या झाल्यावर दोघांचा स्वतःचा १० लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच मेडिक्लेम घ्या, ऑपरेशन लपवू नका. काही कंपन्या थोडे महिने थांबायला सांगतील, थांबा. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं वाट पाहावी लागते. आत्ता घेतलात तर मिस्टरांच्या ५८ पर्यंत ती संपलेली असेल. या वयाला वर्षाला ३०-४० हजार पडतील. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही. पैसे कुठून, तर त्या एक लाखाच्या हप्त्यातून, जो तुम्ही भरणार नाही आहात. हॉस्पिटल कॅशचं नूतनीकरण तेव्हा बंद करा.

सोमवारी मिस्टर एचआरकडे जातील तेव्हा गुरुवार-शुक्रवारची रजाही तिथेच टाकू दे. तुम्हाला घरी आणायला कुणीतरी मोठं माणूस लागेलच, रिक्षाने एकटीने सोडत नाहीत. सोनोग्राफी, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्यांची बिलं फेकली असतील तर लॅबकडून पुन्हा काढून घ्या. ऑपरेशनच्या आधीच्या ३० दिवसांतली बहुतेक पॉलिसींत मिळतात.