कोकणात पिग्मी स्पर्म व्हेल सापडतो का? त्यावर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

त्याचा सख्खा भाऊ, ड्वार्फ स्पर्म व्हेल, मी आमच्या पुळणीवर पाहिलाय. दोघेही छोटे देवमासे. सरकारी वहीत मात्र तो डॉल्फिन म्हणून गेला. तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना ते त्यामुळेच.

देवगड आणि मालवणच्या मधे आमचं गाव, घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. 2013 साल, गणपती चार दिवसांवर आले होते. पहाटे रापणीला माणसं जमली तेव्हा पाण्याच्या कडेला एक काळं धूड पडलेलं, अजून धुगधुगी होती. भोवतीचं पाणी काळपट तांबडं. सगळे म्हणाले रक्त. बाबांनी अंगभर हात फिरवला, जखम कुठेच नाही. बोथट तोंड आणि त्याखाली आत दडलेला छोटा जबडा, त्यामुळे निम्मी माणसं मुशी, म्हणजे शार्कच म्हणत होती. डोळ्यामागे कल्ल्यासारखी फिकट कमान होती. बाबांनी तिच्यात बोट घालून पाहिलं, बोट जाईना. म्हणाले, "मुशी नाय रे ही. मुशीचे कल्ले फाटलेले आसतत. ह्येका नुसती रेघ मारलेली आसा."

दोनदा पाण्यात ढकललं, दोन्ही वेळा लाटेबरोबर परत आलं. आठच्या सुमाराला संपलं.

मग बाबांनी रापणीच्या दोरीचा तुकडा घेतला. थोबाडाच्या टोकाला एक गाठ, शेपटीच्या खाचेशी दुसरी, पाठीवरचा पर सुरू होतो तिथे तिसरी. दोरी मी नंतर टेपने मोजली, 2 मीटर 38 सेंटिमीटर. पर चांगला उंच, जवळजवळ मधोमध. खालच्या जबड्यात एका बाजूला 9 दात, बारीक, टोकदार, आत वळलेले. वरच्या जबड्यात एकही नाही. मी स्वतः बोटाने मोजले.

दुपारी दोन साहेब आले. जेसीबीने खड्डा काढला, शेपटीकडून एक फोटो घेतला आणि वहीत लिहिलं, 'डॉल्फिनचे पिल्लू, मृत'. टेप लावली नाही. बाबा म्हणाले, साहेब, दात तरी बघा. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. संध्याकाळी मुंबईहून चुलतभाऊ, आमचा दादा, आला, प्राणिशास्त्रात एमएस्सी. सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाला, "काका, डॉल्फिनच असणार. दोरीच्या गाठींना डेटा म्हणत नाहीत." बाबांनी दोरी गुंडाळून खुंटीला लावली, तो विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र दर गणपतीला काढतो.

हे दोन्ही देवमासे जगातल्या सगळ्यात कमी अभ्यासल्या गेलेल्या सस्तन प्राण्यांत मोडतात. खोल पाण्यात राहतात, पृष्ठभागावर ओंडक्यासारखे निपचित तरंगतात, श्वासाचा फवारा दिसत नाही आणि बोट जवळ आली की गुपचूप बुडतात. त्यांचे आवाज 130 किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाचा कान 20 च्या वर जात नाही, त्यामुळे साधा रेकॉर्डरही उपयोगाचा नाही. म्हणून यांच्याबद्दलची बहुतेक माहिती किनाऱ्याला लागलेल्या जनावरांवरूनच मिळाली आहे. वय दातांतल्या थरांवरून कळतं. काय खाल्लं ते पोटातल्या म्हाकुलांच्या (स्क्विडच्या) चोचींवरून, कारण चोच पचत नाही. ते तांबडं पाणीसुद्धा रक्त नव्हतं. यांच्या आतड्याला एक पिशवी असते, घाबरले की तिच्यातला लालसर तपकिरी द्रव सोडून पाणी गढूळ करतात.

आणि ड्वार्फची कथा तर आपल्याच देशातली. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1866 मध्ये लंडनमध्ये बसून या जातीला नाव दिलं, ते मद्रास इलाख्यातले ब्रिटिश अधिकारी वॉल्टर इलियट यांनी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर मिळालेल्या जनावराच्या आधारे. पुढे शंभर वर्षं पिग्मी आणि ड्वार्फ एकच धरले जात होते. 1966 मध्ये त्या दोन जाती असल्याचं मान्य झालं. वेगळे ओळखायचे कसे, तर लांबी, पराची उंची आणि जागा, खालचे दात. पिग्मी साडेतीन मीटरपर्यंत वाढतो, पर बुटका आणि मागे, दात बहुधा 12 ते 16 जोड्या. ड्वार्फ पावणेतीन मीटरच्या आत, दात 7 ते 12 जोड्या. बाबांनी नेमकं तेच मोजलं होतं.

आता तुमचं. कोकणात बोटीवरून पिग्मी शोधायच्या नादी लागू नका. तो भेटायचा तर खोल समुद्राच्या कडेला, आणि आमच्याकडून ती कड फार लांब आहे. किनाऱ्याजवळ काम करायचं असेल तर गादा, म्हणजे कुबडवाला डॉल्फिन, घ्या. तो आम्हाला रोज दिसतो आणि त्याच्यावर इथे काम झालंय. मोठेही येतात. 2015 मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर 2023 मध्ये लागलेलं देवमाशाचं पिल्लू तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. त्याला ओढून समुद्रात नेलं, तरी वाचलं नाही.

पिग्मीच हवा असेल तर पाच-सहा गावच्या तांडेलांशी, म्हणजे मासेमारी बोटींच्या म्होरक्यांशी, ओळख ठेवा. वाहून आलेल्या जनावराचा पहिला फोन त्यांचाच येतो. जाळं कापून असं जनावर सोडवलं तर राज्य सरकार 2018 पासून 25 हजारांपर्यंत भरपाई देतं, त्यासाठी फोटो लागतो, त्यामुळे हल्ली फोटोही मिळतात. तुम्ही सांगायचं एवढंच, की फोटो बाजूने काढा, जबडा उघडून काढा आणि शेजारी दोरी ठेवा.

एक राहिलं. वनखात्याला कळवल्याशिवाय मेलेल्या जनावराला कापू नका, दात किंवा हाड घरी आणू नका. 1972 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि रोगाची भीती वेगळीच. साहेबांनी आम्हाला जबडा दिला असता तर तेही चूकच होतं. त्यांनी तो स्वतः न्यायला हवा होता. कातडीचा बोटभर तुकडा जरी स्पिरिटमध्ये ठेवला असता तरी डीएनएवरून जात पक्की कळली असती. आज मी ड्वार्फ म्हणतोय ते दोरी आणि दातांच्या जोरावर, याहून जास्त पुरावा माझ्याकडे नाही.

तेवढा मला पुरतो. गादाचं पिल्लू जन्मतं मीटरभराचं, लांब चोचीचं, आणि मोठं झाल्यावर त्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही जबड्यांत प्रत्येक बाजूला तिसाहून जास्त दात असतात. दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. दोरी अजून खुंटीलाच आहे, गाठी सोडलेल्या नाहीत. या गणपतीला येताना टेप घेऊन ये आणि मोजून झाल्यावर जे सांगायचं ते मला नको, बाबांना सांग.