लॅब्राडॉरला आतड्याचा जुनाट आजार निघालाय. गावात राहून त्याला कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हर्णैजवळ राहता, पाच वर्षांचा लॅब्राडॉर, पावसाळ्यापासून जुलाब थांबत नाहीत, वजन उतरलंय. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून 'क्रॉनिक एन्टेरोपॅथी' असं निदान केलंय आणि आहार बदलायला सांगितलाय. आता जन्मभर गोळ्याच का, आणि घरचा मासे-भात चालू ठेवला तर चालेल का?

आधी मासे-भाताचं सांगतो, कारण गोळ्यांचं उत्तर बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. सध्या मासे-भात बंद. मासा वाईट म्हणून नव्हे, तुमच्या कुत्र्याने तो लहानपणापासून खाल्लाय म्हणून.

या आजारात आतड्याच्या अस्तरातली प्रतिकारशक्ती बिथरलेली असते. रोजच्या खाण्यातल्या प्रथिनांवर आणि आतड्यातल्या जंतूंवर ती उगाच चाल करून जाते, अस्तराला सूज येते, अन्न नीट शोषलं जात नाही. तीन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब, उलट्या, वजन घटणं, आणि दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा डॉक्टर हे नाव देतात. पुढे कुत्रा कशाने सुधारतो त्यावरून त्याचा प्रकार ठरतो, आणि अशा कुत्र्यांपैकी निम्म्याहून जास्त नुसत्या आहारबदलाने सुधारतात. म्हणजे जन्मभर गोळ्या लागतीलच असं नाही. पण हे कळण्यासाठी आहाराची चाचणी काटेकोर व्हायला हवी, आणि कोकणातल्या घरात खरी लढाई तिथेच असते.

चाचणीचा नियम साधा आहे. एकच प्रथिन, तेही कुत्र्याने आजवर न खाल्लेलं, किंवा हायड्रोलाइज्ड खाद्य, ज्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते ओळखत नाही. बाकी काहीही नाही. इंटरनेटवर 'नवीन प्रथिन' म्हणून मासा सुचवलेला हमखास दिसेल. ज्या देशांत कुत्री गोमांस आणि चिकन खाऊन वाढतात तिथे ते बरोबर असेल. आपल्या किनाऱ्यावर बांगड्याचं डोकं हे कुत्र्याचं पहिलं घन अन्न असतं. चिकन आणि अंडं बहुतेक घरांत झालेलं असतं, आणि दूध-दही तर विचारूच नका. म्हणून आधी कागदावर लिहून काढा की त्याने आजवर काय काय खाल्लंय. शेजारच्यांनी काय घातलंय तेही विचारा, उत्तरं ऐकून थक्क व्हाल. आमच्या खंड्या कुत्र्याच्या यादीत न खाल्लेलं फक्त बोकडाचं मटण उरलं (आमच्याकडे ते सणासुदीलाच, आणि तेव्हा नळी सोडायला कोणी तयार नसतं). म्हणून डॉक्टरांनी चरबी काढून उकडलेलं मटण आणि बटाटा ठरवला. तुमच्या यादीतून वेगळं काही निघेल. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुकानात 'लॅम्ब' असं लिहिलेल्या साध्या पिशव्यांवर भरवसा ठेवू नका, त्यांत बऱ्याचदा चिकनही मिसळलेलं असतं. हायड्रोलाइज्ड खाद्य महाग आहे आणि मागवून घ्यावं लागतं, पण लॅब्राडॉरच्या आकाराच्या कुत्र्याला रोज मटण शिजवण्याचा हिशोब मांडलात तर फरक वाटतो तेवढा मोठा राहत नाही. आणि घरात माणसं कमी असतील तर तेच सोपं.

फरक पडायचा असेल तर बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो. म्हणून पहिले दोन आठवडे घरातल्या प्रत्येकाला कामाला लावा. आमच्याकडे आई म्हणायची, "मुक्या जनावराक असा उपाशी ठेवतस काय रे?" तिला समजावून काही झालं नाही. मग खंड्याला वाढायचं कामच तिच्याकडे दिलं, आणि त्या दिवसापासून ओट्यावरून खाली एक शीतही पडलं नाही. शेजारच्या काकींना डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की पुरतं. मुलांच्या हातातलं बिस्कीट हे सगळ्यात फसवं, त्यात गहूही आला आणि दूधही.

मोकळं सोडणं बंद. हे गावात ऐकवत नाही, मला ठाऊक आहे, पण किनाऱ्यावर जाळी झटकलेल्या जागी कुत्रा दोन मिनिटं फिरला तरी चाचणी गेली. तिथे कुजकी मासळी असते, कधी केंडासारखा विषारी मासाही पडलेला असतो. फिरवायला न्याल तेव्हा पट्टा लावा आणि बंदराऐवजी वरच्या सड्याकडे, म्हणजे कातळाच्या माळाकडे जा. ताकभात, ओव्याचं पाणी, मुरुडशेंग उगाळून, हे सगळं प्रेमापोटी सुचवलं जाईल, पण या काळात यातलं काहीच नको. वाटपाचा रस्सा तर एरवीही नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. गोचिडांसाठीच्या चघळायच्या गोळ्या आणि चवदार जंतनाशक गोळ्या यांत मांसाचा किंवा सोयाचा स्वाद असतो. पावसाळ्यात आपल्याकडे गोचीड सोडवत नाही, तेव्हा चाचणीपुरतं मानेवर टाकायचं औषध मिळेल का ते विचारा. गोळी पेढ्यात दडवून देणंही बंद, ती ठरलेल्या आहाराच्याच घासात द्या.

पहिल्या खाद्याने काही झालं नाही तर लगेच हताश होऊ नका. दुसऱ्या, वेगळ्या धाटणीच्या खाद्याने सुधारलेली कुत्रीही आहेत. फरक पडला तर तोच आहार साधारण बारा आठवडे चालवतात. मग डॉक्टरांच्या सांगण्याने जुना एकेक पदार्थ परत घालून बघायचा, एका वेळी एकच. मासा तेव्हा येऊ दे, आणि तोही नुसता उकडलेला, काटे काढलेला. खंड्याला बांगडा सोसतो, चिकन नाही. तुमच्याकडे उलटंही असू शकेल.

घरचं शिजवलेलं अन्न दोन आठवड्यांसाठी ठीक असतं, महिनोन् महिने नाही. मटण-बटाट्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, जस्त आणि काही जीवनसत्त्वंही कमी पडतात. पुढे घरचंच द्यायचं ठरलं तर प्रमाण बांधून घ्या आणि वरून काय घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता अहवाल काढून बघा. मलाची तपासणी आणि जियार्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) आहे का ते बघणं झालंय का? स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडतायत का ते सांगणारी टीएलआय आणि ॲडिसनसाठीची (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी मंदावण्याचा आजार) कॉर्टिसॉल या रक्ततपासण्या झाल्यात का? या दोन्ही आजारांची लक्षणं हुबेहूब अशीच असू शकतात आणि उपचार मात्र पूर्ण वेगळे. झाल्या नसतील तर विचारण्यात संकोच नको. सगळ्यात आधी मात्र अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रथिनाचा, आकडा बघा. तो डेसीलिटरमागे 2 ग्रॅमच्या (2 g/dL) खाली असेल तर आतड्यातून प्रथिन गळतंय, आणि मग वर सांगितलेलं सगळं निवांतपणे करण्याइतका वेळ नसतो. पोटात पाणी होऊ शकतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. अशा वेळी कमी चरबीचा आहार, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासणं, औषधं, हे सगळं लवकर ठरवावं लागतं.

दुसरा आकडा बी12 चा. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग सुजलेला असेल तर कमी पडतं, आणि ते कमी असेपर्यंत उत्तम आहारानेही कुत्रा अंग धरत नाही. ठरलेली पद्धत म्हणजे आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं, महिन्याने आणखी एक, मग पुन्हा तपासणी. रोजच्या गोळ्यांनीही चालतं असं आता दिसलंय. गावात इंजेक्शन घेताना नुसतं बी12 आहे का ते बघा. गुरांसाठी असतं ते बी-कॉम्प्लेक्स दुखतं जास्त आणि त्यात बी12 थोडंच असतं.

जुलाब दिसले की मेट्रोनिडाझोल हे जंतुविरोधी औषध द्यायचं, ही सवय आता मागे पडतेय. चार दिवस बरं वाटतं, बंद केलं की परत तेच, आणि आतड्यातले चांगले जंतूही त्यात जातात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

आहाराने जमलं नाही तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडकडे वळतात. त्याने तहान, लघवी आणि भूक वाढते, धाप लागते. लॅब्राडॉरला भूक वाढणं म्हणजे काय ते तुम्हीच जाणता, कचऱ्याची बादली वर टांगा. डोस आठवड्यांच्या हिशोबाने उतरवतात, बरा दिसला म्हणून एकदम थांबवायचा नाही. सोबत माणसांची दुखण्याची गोळी कधीच देऊ नका, पोटात व्रण होतात. कच्चं मांस नको. आणि भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे लेप्टो असतो, तेव्हा लस केव्हा द्यायची ते स्टेरॉइड सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.

डॉक्टरांचं म्हणाल तर दोन हवेत, पण सूत्रं एकाच्या हातात. निर्णय पुण्याच्या डॉक्टरांचे. वजन, इंजेक्शन, रक्त काढणं हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो, पण पुण्याच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी पुढे ठेवलीत की ते आनंदाने करतात. दोघांना फोनवर एकदा बोलायला लावा, अर्धी ओढाताण संपते. दर आठवड्याला वजन लिहा. घरच्या काट्यावर लॅब्राडॉर उभा राहत नाही, काजू बी विकत घेणाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. मलाचा फोटोही ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवातीला कसंतरी वाटतं, पण 'जरा पातळ' या शब्दांपेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं. दिवसातून किती वेळा, चिकट शेंब आहे का, कुंथतो का, हेही लिहा, त्यावरून लहान आतडं की मोठं ते कळतं. जूनच्या आधी औषधं आणि खाद्य महिनाभर पुरेल एवढं भरून ठेवा, घाटात दरड आली की कुरिअर अडकतं. खाद्य हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर दमट हवेत बुरशी धरते.

डांबरासारखा काळा मल, वारंवार उलट्या, पांढुरक्या हिरड्या, फुगत चाललेलं पोट, अचानक धाप, किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यातलं काहीही दिसलं तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. आधी तालुक्याचा दवाखाना गाठा आणि वाटेतच पुण्याला फोन लावा.